वाडखोलचं जास्तीचं पाणी

१

सलिल काय करतो असं कुणी विचारलं, की त्याची आई आनंदीबाई सांगायच्या, "समुद्र मोजतो. खराडीत बसून." पुढं एक शब्द बोलायच्या नाहीत. ऐकणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

तसं पाहिलं तर म्हातारीचं चुकत नव्हतं. समुद्र कुठं, खराडी कुठं! पण आजकाल सगळंच असं लांबून चालतं. किनाऱ्यावरच्या बंदरांत पाण्याची उंची मोजणारी यंत्रं असतात, त्यांचे आकडे येतात, आणि नवव्या मजल्यावरच्या गार हवेत बसून सलिलसारखी माणसं त्यावरून सांगतात की बाबांनो, तुमच्या गावात पाणी कुठवर येणार. यातली गोम अशी, की जगभरचा समुद्र सरासरी किती वर चाललाय हा एक आकडा, आणि तुमच्या दारातला समुद्र किती वर चाललाय हा दुसरा. दोन्ही जुळतीलच असं नाही. कुठं वारा पाणी ढकलून आणतो, कुठं पाणी जास्त तापून फुगतं, कुठं जमीनच खाली बसत असते. समुद्र म्हणजे काही बादली नव्हे, की नळ सोडला आणि सगळीकडे सारखं चढलं. सलिल हे जेवताना समजावून सांगायचा आणि आनंदीबाई म्हणायच्या, "कळलं. भात घे."

त्या साली त्यांच्याकडे कोकणातल्या वाडखोल खाडीचं काम आलं होतं. खाडीकाठी बंगले बांधायचे होते कुणाला तरी, आणि त्याआधी अहवाल हवा होता, की हे शतक संपेपर्यंत वाईटात वाईट उधाणाला पाणी कुठवर चढेल. वाडखोलचं यंत्र जगाच्या सरासरीपेक्षा भलतंच वरचे आकडे दाखवत होतं. सलिलनं ते तसेच मांडले. त्याचा वरिष्ठ केयूर वाईट माणूस नव्हता, पण त्याला गिऱ्हाईक सांभाळायचं होतं. तो म्हणाला, यंत्रच बिघडलं असणार. तू वाडखोलला जगाच्या सरासरीवर आण, आणि जास्तीचं पाणी तूर्त डमीत टाक.

डमी म्हणजे खोटं केंद्र. त्यांच्या आकडेमोडीचा एक नियम होता, पाणी नाहीसं करता येत नाही. एका ठिकाणचं काढलंत तर दुसरीकडे कुठंतरी ठेवायलाच लागतं, नाहीतर बेरीज बसत नाही आणि प्रोग्रॅम पुढं सरकत नाही. म्हणून असं नकोसं पाणी ठेवायला एक काल्पनिक ठिकाण बनवायचं. सगळेच बनवायचे, त्यात कुणाला काही वाटत नसे. फक्त ते ठिकाण जमिनीवरचं लागे, कारण समुद्रातलं दिलं तर ते पुन्हा समुद्राच्या बेरजेत जाई. आणि अक्षांश-रेखांशाची जागा रिकामी ठेवून चालत नसे.

सलिल त्या दिवशी घरूनच काम करत होता. धायरीतला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, बाजूला चहा. त्यानं फोनवर आपण आहोत ती जागा दाबली, आलेले आकडे उचलून तिथं चिकटवले, आणि केंद्राला नाव दिलं धायरी.

केयूरला ते दुसऱ्या दिवशी दिसलं तेव्हा तो खूप हसला. म्हणाला, चला, धायरीला समुद्र आला, आता तुझ्या फ्लॅटचा भाव बघ. दोघंही हसले आणि कामाला लागले.

२

एप्रिल लागला. सोसायटीला रोज टँकर मागवायला लागत होता, नळाला पाणी येईल तेव्हा खरं अशी गत. आणि अशात सलिलच्या घराच्या भिंतींना ओल आली.

ओल म्हणजे काय, फरशीच्या थोडं वर एक फिकट पट्टा. पट्ट्याच्या वरची कड अगदी स्वच्छ, आणि त्या कडेवर पांढरी भुकटी. निकितानं, म्हणजे सलिलच्या बायकोनं, आधी ती कामवाल्या बाईंची फरशी पुसायची पावडर समजली आणि पुसून काढली. दुसऱ्या दिवशी पुन्हा आली. सलिलनं बोट लावून जिभेवर टेकवलं. खारट होती. आता भिंतीला फुटणारा क्षार खारटच असतो, विटांत मीठ असतंच, हे कोणीही सांगेल. सलिलनं स्वतःलाही तेच सांगितलं.

प्लंबर म्हणून धोंडिबा आला. मूळ धायरी गावठाणातला माणूस, या सगळ्या इमारतींचे पाइप त्यानंच घातलेले. त्यानं नळ बघितले, मोरी बघितली, भिंतीवर थापट्या मारल्या. मग पिशवीतून पाणसळ काढली आणि त्या पट्ट्याच्या कडेला लावली. बुडबुडा मधोमध थांबला. हॉलमध्ये लावली, आतल्या खोलीत लावली, स्वयंपाकघरात लावली. बुडबुडा कुठं केसभर हलला नाही.

"सायेब," तो म्हणाला, "वल वरनं उतरती, न्हाय तर खालनं चढती. चढताना वाकडी-तिकडी चढती. ही सरळ हाय."

म्हणजे काय, असं सलिलनं विचारलं. म्हणजे मला ठावं न्हाय, असं धोंडिबा म्हणाला आणि पाणसळ पिशवीत टाकून निघून गेला. पैसेही घेतले नाहीत त्यानं. पुण्यात प्लंबर पैसे न घेता गेला, याचंच घरात दोन दिवस नवल चाललं होतं.

खालच्याच मजल्यावर श्यामसुंदरकाका राहायचे, बँकेतून निवृत्त. जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, अहो सलिलराव, तुमची गळती आमच्याकडे येतेय, जरा बघा. सलिल बघायला गेला. तिथंही तोच पट्टा, फरशीपासून तेवढ्याच उंचीवर. मग त्याला राहवेना. तो सगळ्यांत वरच्या मजल्यावर आयेशा मॅडमकडे गेला. त्या शाळेत शिकवायच्या, घर आरशासारखं ठेवायच्या. त्यांनी सोफा ओढून दाखवला. तसाच पट्टा, तेवढाच उंच. त्यांच्या डोक्यावर तर नुसती गच्ची आणि आभाळ.

गळती असेल तर ती खाली वाढेल. जमिनीतून चढत असेल तर वर कमी होत जाईल. प्रत्येक मजल्यावर फरशीपासून सारखीच, हे कसं? सलिल जिन्यात मधल्या टप्प्यावर बराच वेळ उभा होता. डोकं चालेना. शेवटी त्यानं ठरवलं, की बिल्डरनं सगळीकडे एकच भिकार सिमेंट वापरलंय. पुण्यातल्या कुठल्याही गोष्टीचा दोष बिल्डरवर घातला की मन शांत होतं. त्याचंही झालं.

३

मग आनंदीबाईंचे कान बसले.

त्या हॉलमधल्या दिवाणावर झोपायच्या, ठेंगणा जुना दिवाण, गादीही पातळ. सकाळी उठल्या की म्हणायच्या, रात्रभर कानात दडे बसतात, तुमचं बोलणं कुठून लांबून आल्यासारखं वाटतं. सलिल त्यांना सिंहगड रोडवरच्या कानाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेला. कान साफ निघाले. तिथं खुर्चीवर बसून म्हातारीला सगळं लख्ख ऐकू येत होतं, अगदी बाहेरच्या बाईनं डॉक्टरांच्या फीबद्दल काढलेला उद्गारसुद्धा.

घरी आल्यावर त्या दिवाणावर आडव्या झाल्या आणि सलिल काही विचारत होता तर नुसत्या बघत राहिल्या. उठून बसल्या, तेव्हा म्हणाल्या, "काय म्हणालास?"

"आई, झोपल्यावर ऐकू येत नाही का?"

"झोपल्यावर कशाला ऐकायचं असतं माणसानं?" त्या म्हणाल्या. पण त्यांनी पदरानं कान पुसला. दोन्ही कान पुसले, आणि पदराकडे बघितलं. पदर कोरडा होता.

तोवर भिंतीवरचा पट्टा दिवाणाच्या वर गेला होता. हे सलिलनं पाहिलं होतं, नाही असं नाही. पण या दोन गोष्टी एकमेकींच्या शेजारी ठेवून बघायचं त्याला सुचलं नाही. सुचलं असतं तरी त्यानं ठेवल्या नसत्या.

४

स्वराली त्यांची एकुलती एक. बालवाडी संपून पहिलीत जायची होती, सुट्टी लागली होती. दिवसभर आजीपाशी फरशीवर पसारा मांडून बसायची पोर, ती एकाएकी फरशीवर बसेनाशी झाली. खेळ घेऊन सोफ्यावर चढायची, खुर्चीवर चढायची, जेवायला डायनिंग टेबलावरच बसायचा हट्ट धरायची. निकिता रागावली की उतरायची, आणि उतरली की हनुवटी वर करून चालायची.

हे चालणं सलिलला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तो चहा पीत होता. पोरगी आतल्या खोलीतून हॉलमध्ये आली, हनुवटी वर, ओठ मिटलेले, टाचा उचललेल्या. कसलीशी गंमत असेल असं त्याला वाटलं. त्यानंही हनुवटी वर केली. ती हसली नाही. सोफ्यावर चढली, मग तिनं मान खाली केली आणि मोठा श्वास सोडला.

"असं का चालतेस गं?" त्यानं विचारलं.

"मग कशी चालू?" स्वराली म्हणाली.

घराबाहेर, जिन्यात, पार्किंगमध्ये ती नीट चालायची, पळायची, खाली बसून मांजराला बिस्किट घालायची. उंबरठा ओलांडून आत आली की हनुवटी वर. मान दुखते म्हणून रात्री रडायची. बालरोगतज्ज्ञांनी ड जीवनसत्त्व दिलं आणि मोबाइल कमी बघू द्या म्हणाले.

आणखी एक होतं, त्या फुग्याचं. तिच्या वाढदिवसाला फुगवलेल्या फुग्यांतला एक उरला होता, लाल. तोंडानं फुगवलेला फुगा, तो जमिनीवर पडून राहायचा. हा अधांतरी राहायचा. हॉलच्या कोपऱ्यात, पट्ट्याच्या कडेशी बरोबर, निम्मा वर निम्मा खाली. सलिलनं तो दाबून फरशीला टेकवला. हात सोडल्यावर तो पुन्हा तिथंच आला. पंखा चालू होता. पंख्यानं होतं असं. त्यानं पंखा बंद केला आणि लगेच चालू केला, फुगा काय करतो ते बघायला थांबला नाही.

निकिता मात्र आता टेकीला आली होती. तिचंही ऑफिस खराडीलाच, सलिलच्या इमारतीपासून हाकेच्या अंतरावर. ती म्हणत होती, या ओलीत पोर ठेवायला नको, हिला काहीतरी बाधतंय. तुझ्याच बिल्डिंगमध्ये खाली मागच्या बाजूला पाळणाघर आहे, सगळे चांगलं म्हणतात, सुट्टीपुरतं तिकडे ठेवू. सलिल तेव्हा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसला होता. हूं म्हणाला. बायकोच्या कुठल्या बोलण्याला आपण हूं म्हणालो, हे नवऱ्यांना कधी आठवतं का? नाहीच.

५

कारण त्याला तेव्हा दुसरंच काहीतरी दिसलं होतं.

दर सोमवारी तो प्रोग्रॅम चालवायचा आणि शतक आणखी थोडं पुढं ढकलायचा. वाडखोल शहाण्यासारखं जगाच्या सरासरीनं चढायचं, आणि जास्तीचं सगळं डमीत जाऊन बसायचं. डमीकडे बघायचं कारण नसतं, म्हणून त्यानं कधी बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. तिथल्या पाण्याची उंची लिहिली होती.

त्यानं उठून टेप आणली आणि भिंतीवरचा पट्टा मोजला. मग पुन्हा मोजला. मग आतल्या खोलीतला मोजला. मग टेप हातात तशीच धरून दिवाणाच्या कडेवर बसला. भिंतीवरचा आकडा आणि डमीतला आकडा तंतोतंत जुळत होते.

योगायोग असतो. आकडे आहेत म्हटल्यावर कुठलातरी आकडा कुठल्यातरी आकड्याशी जुळायचाच. आपण शिकलेली माणसं, असं स्वतःला म्हणत त्यानं पुढची काही वर्षं चालवून बघितली, सोमवार नसताना. दुपारची वेळ होती. आनंदीबाई ओट्यापाशी उभ्या राहून भाजी निवडत होत्या. आताशा त्या सगळं उभ्यानंच करायच्या. स्वराली आत पलंगावर झोपली होती. गणित संपलं तसा तो मान वर करून भिंतीकडे बघू लागला. तिथं काही झालं नाही. पट्टा होता तिथंच होता. त्याला हसू आलं, स्वतःचीच लाज वाटली.

मग त्याचं लक्ष फुग्याकडे गेलं. फुगा वर आला होता. फार नाही, चार बोटं.

तो आत धावला. स्वराली कुशीवर झोपली होती, पलंगावर, शांत. तिला उचलायचं सोडून त्यानं काय करावं, तर तिच्या शेजारी आडवा झाला. का झाला ते त्यालाही सांगता आलं नसतं. कदाचित काहीच होत नाही याची खात्री करून घ्यायची होती. डोकं उशीला टेकलं आणि कान बंद झाले. पंख्याची घरघर गेली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज गेला. त्याजागी लांबून, खालून, बारीक खडी ओढत नेल्यासारखा एक आवाज यायला लागला. यायचा, थांबायचा, परत यायचा. त्यानं डोळे उघडून वर बघितलं. छत होतं, पंखा होता. पण दोन्ही हलत होते, कढईतल्या तेलातून बूड हलताना दिसतं तसे. आणि त्यांच्या अलीकडे, त्याच्या तोंडाच्या हातभर वर, एक सपाट चकचकीत काहीतरी होतं, आणि त्याला खालच्या अंगानं लाल फुगा चिकटला होता.

तो ताडकन उठून बसला. खोली कोरडी होती. फुगा दारातून आत आला होता एवढंच. स्वरालीचे केस मात्र उशीवर नव्हते. ते तिच्या डोक्यापासून थोडे वर, संथपणे एका बाजूला जात होते आणि दुसऱ्या बाजूला येत होते. त्यानं तिला उचलून खांद्यावर घेतलं. ती झोपेतच खोकली, खूप खोकली.

६

शुक्रवारी अहवाल जायचा होता. त्याआधी शेवटची आकडेमोड, पहिल्यापासून शतकाच्या अखेरपर्यंत एका दमात. एकदा ती सुरू झाली की मध्ये थांबवता येत नसे, आणि संपली की फाईल बंद होऊन गिऱ्हाइकाकडे जाई.

सलिल त्या दिवशी सगळे झोपेत असताना घराबाहेर पडला आणि ऑफिसात केयूर येण्याची वाट बघत बसला. पट्टा आता उभ्या स्वरालीच्या हनुवटीच्याही वर गेला होता. घरात कुणाला काही सांगितलं नव्हतं त्यानं. काय सांगणार होता, की मी आपल्या घरावर समुद्र चिकटवला? स्वतःलाच पटत नव्हतं. त्यानं फक्त एवढं ठरवलं होतं, की ते पाणी जिथलं होतं तिथं परत द्यायचं. वाडखोलचं वाडखोलला.

केयूर दुपारी उगवला, तेव्हा त्यानं तसं सांगितलं. यंत्र बिघडलेलं नाही, खाडीकाठची जमीन बसतेय, आकडे खरे आहेत, अहवालात खरेच जाऊ दे. केयूरनं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, खरे असतील रे, पण आज शुक्रवार आहे. हे आकडे गेले तर तिथं एक वीट रचली जाणार नाही, आणि आपल्याला पुन्हा कुणी काम देणार नाही. तुझ्या घराचा हप्ता माझ्या लक्षात आहे, तुझ्या नसला तरी.

"मग डमी तरी धायरीवर नको," सलिल म्हणाला.

"का रे, काय झालं?"

"आई आहे घरी. स्वराली आहे."

केयूरनं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, अहवाल गेला की चार दिवस सुट्टी घे. डमी कुठंही ठेव, मला काय, पण पाच मिनिटांत चालू कर. आणि तिथंच खुर्ची ओढून बसला.

कुठंही! पाच मिनिटांत माणसाला कुठंही म्हणजे कुठं सुचतं? समुद्रात चालत नव्हतं. सिंहगडावर ठेवावं तर तिथं माणसं राहतात. वारज्याच्या टेकडीवर ठेवावं तर तिथं पहाटे म्हातारे फिरायला जातात. जंगल म्हणावं तर कुठल्याही जंगलात एखादी तरी झोपडी असणार. सलिलला घाम फुटला होता. वाडखोलही आठवत होतं, तिथं बोट ठेवणं सगळ्यांत सोपं होतं, आणि केयूर शेजारी बसला होता.

फाईलच्या माथ्यावर कंपनीचा पत्ता असतो, त्याच्याखाली तिथले अक्षांश-रेखांश आपोआप येतात. सलिलची नजर तिथं गेली. हे ऑफिस. इथं कोण झोपतं? कोण जमिनीवर बसतं? सगळी मोठी माणसं, उंच खुर्च्यांवर बसलेली. लागलंच तर कमरेला लागेल, फार तर छातीला. संध्याकाळी सगळे घरी जातात. सोमवारी फाईल बंद झालेली असेल, आणि मग काय व्हायचं ते होवो. त्यानं आकडे उचलले आणि डमीत चिकटवले. धायरी पुसून टाकलं. नाव द्यायचं राहिलं, केयूर घाई करत होता.

त्यानं बटण दाबलं. शतक सुरू झालं.

७

थोड्या वेळानं फोन वाजला. आनंदीबाई होत्या. एरवी फोन म्हणजे पैसे पडतात अशा बेतानं बोलणारी बाई, आज आवाजात नुसता आनंद होता.

"अरे, कान सुटले माझे. आडवी पडले होते, एकदम मोकळे झाले. खालून रिक्षा गेलेली ऐकू आली मला. आणि ती भिंत बघ, खडखडीत वाळलीय. धोंडिबाला उगाच बोलावलंस."

सलिलनं डोळे मिटले. त्याला रडूच यायला लागलं. म्हणजे खरं होतं ते सगळं. खरं होतं आणि आता संपलं होतं. काही कळत नव्हतं, पण संपलं होतं एवढं कळत होतं. तो म्हणाला, स्वरालीला दे ना, ती काय करतेय?

"ती कुठली इथं?" आनंदीबाई म्हणाल्या. "निकितानं नेली ना तिला. तुझ्याच ऑफिसच्या खाली, त्या पाळणाघरात. आजपासून. तुला विचारलंय म्हणाली."

सलिलनं मान वर केली. समोर भिंतीवर, गालिच्याच्या थोडं वर, एक फिकट पट्टा दिसत होता. कड अगदी स्वच्छ. शेजारची मुलगी खुर्चीत बसल्याबसल्या पायावर पाय घासत होती. मग तिनं दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले, आणि काम चालू ठेवलं.

त्यानं प्रोग्रॅम थांबवायचं बटण दाबलं. दाबत राहिला. थांबत नसे ते, त्यालाच माहीत होतं. लिफ्ट वरून यायला वेळ लावत होती म्हणून तो जिन्यानं उतरला. प्रत्येक मजल्यावर दाराच्या काचेतून आतल्या भिंतीवर तोच पट्टा दिसत होता, आणि प्रत्येक खालच्या मजल्यावर तो थोडा जास्त उंच होता. आधी त्याला वाटलं, चला, हे तरी नेहमीसारखं, खाली जास्त वर कमी. मग त्याच्या लक्षात आलं, की फरक मजल्यांमुळे पडत नव्हता. त्याला उतरायला वेळ लागत होता.

पाळणाघराचं दार काचेचं होतं. दारावर ससे चिकटवले होते. आत दुपारची झोप चालली होती, रांगेनं लहान गाद्या घातलेल्या, त्यांवर मुलं. सगळ्यांचे केस एकाच वेळी एका बाजूला जात होते आणि दुसऱ्या बाजूला येत होते. त्यांच्यामधून पाळणाघराच्या ताई सावकाश चालत होत्या, हनुवटी वर करून, का ते त्यांनाही माहीत नसावं.

स्वराली झोपली नव्हती. घरी शिकली होती ती. ती दारापाशी एका बुटक्या खुर्चीवर चढून उभी होती, टाचा उचलून. बाबाला बघून तिचा चेहरा फुलला.

दार आत ढकलायचं होतं. सलिलनं ढकललं. ते जरासं हललं आणि परत जागेवर आलं. त्यानं खांदा लावला. काचेच्या खालून त्याच्या बुटावर गार पाण्याची एक रेघ आली. ताईंनी वळून बघितलं आणि ओठांवर बोट ठेवलं, मुलं झोपलीत म्हणून.

स्वरालीनं त्याला हाक मारायला तोंड उघडलं. आवाज आला नाही. तिच्या तोंडातून एक बुडबुडा निघाला आणि काचेला लागून हळूहळू वर, छताकडे गेला. वर नवव्या मजल्यावर शतक अजून निम्मंही झालं नव्हतं.